टिंबक्टूचे मकबरे आणि अल-महदीची नऊ वर्षं

२२ ऑगस्ट २०१६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आरोपीला दोषारोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. अहमद अल-फकी अल-महदीने अरबीतून सांगितलं, की अतिशय खेदाने आणि दुःखाने तो कबूल करतो. २००२ पासून चालू असलेल्या या न्यायालयात असा कबुलीजबाब देणारा तो पहिलाच. तीन दिवसांत सुनावणी आटोपली आणि २७ सप्टेंबरला निकाल लागला : नऊ वर्षं कैद. आपल्याकडे नुसती वकीलपत्रं दाखल होईतो तीन तारखा जातात, हे आठवून वेग थक्क करतो खरा. पण वेग आला तो कबुलीमुळे, आणि कबुलीमुळे या खटल्यातले काही प्रश्न लढवलेच गेले नाहीत. त्याकडे पुढे येऊच.

आरोप एकच होता. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या टिंबक्टू शहरात ३० जून ते ११ जुलै २०१२ या काळात दहा धार्मिक-ऐतिहासिक वास्तूंवर जाणूनबुजून हल्ला केल्याचा. नऊ मकबरे आणि सीदी याह्या मशिदीचं एक दार. यांतला एक मकबरा सोडला तर बाकी सगळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं.

वारसा फोडणं हा एकटाच आरोप ठेवून या न्यायालयात चाललेला हा पहिला खटला, म्हणून तो गाजला. मला मात्र त्यातल्या दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. एक, आरोपीने कृत्याआधी स्वतः दिलेला सल्ला. दुसरी, भरपाईच्या हिशेबातले तीन आकडे.

शहर कुणाच्या हाती गेलं

२०१२ च्या जानेवारीत उत्तर मालीत तुआरेग या वाळवंटी जमातीच्या बंडखोरांचा उठाव झाला. मार्चमध्ये राजधानी बामाकोत लष्कराने सत्ता उलथवली आणि त्या गोंधळात एप्रिलच्या सुरुवातीला टिंबक्टू पडलं. बंडखोरांना बाजूला सारून थोड्याच दिवसांत अन्सार दीन हा सशस्त्र गट आणि मगरिबमधली (वायव्य आफ्रिकेतली) अल-कायदा यांनी शहर ताब्यात घेतलं. अन्सार दीनचा म्होरक्या इयाद अग घाली; शहराचा कारभार अल-कायदाचा अबू झैद पाहू लागला. त्यांनी चार खाती उभी केली : शरिया न्यायालय, इस्लामी पोलीस, प्रसारमाध्यमांचं खातं आणि हिस्बा, म्हणजे नीतिनियमांवर देखरेख करणारं पथक.

हिस्बाच्या प्रमुखपदी अल-महदीला बसवलं. टिंबक्टूपासून शंभरेक किलोमीटरवरच्या अगूनचा हा तुआरेग, लहानपणापासून कुराण शिकलेला, शिक्षण खात्यात नोकरी करणारा. परिसरात धर्मशास्त्राचा जाणकार म्हणून त्याला मान होता आणि नेमका तोच कब्जेदारांना हवा होता. बाहेरून आलेल्या बंदूकधाऱ्यांना गावातला तोंडवळा लागतोच.

हिस्बाची मूळ संस्था जुनी आणि पुष्कळ साधी आहे. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दी या पंडिताने मुहतसिबाची, म्हणजे हिस्बा चालवणाऱ्या अधिकाऱ्याची, कामं लिहून ठेवली आहेत. वजनमापं तपासायची, भेसळ पकडायची, रस्ता अडवणाऱ्याला हटवायचं. मात्र लोकांच्या घरात डोकावायचं नाही. आपल्याकडेही मुसलमानी अमलात शहरांतून मुहतसिब असत. टिंबक्टूतल्या हिस्बाचं काम मात्र बायकांचा पेहराव, तंबाखू, संगीत आणि मग कबरी असं सरकत गेलं.

सल्ला बरोबर, हात चुकीचे

टिंबक्टूला ३३३ संतांचं शहर म्हणतात. हे संत म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या आसपासचे विद्वान, काझी, सूफी. त्यांचे मकबरे मातीचे, कित्येक कब्रस्तानातच उभे. लोक तिथे प्रार्थनेला, मागणं मागायला जात आणि दरवर्षी एकत्र जमून त्यांना मातीचं लिंपण करत.

हिस्बाप्रमुख म्हणून अल-महदीने आधी लोकांना ही रीत सोडायला सांगून पाहिलं. जूनच्या अखेरीस अग घालीने मकबरे पाडायचं ठरवलं. अबू झैद आणि अल-कायदाचा धर्मपंडित अब्दल्ला अल-शिंगिती यांच्याशी त्याची मसलत झाली, आणि अल-महदीलाही विचारलं गेलं. निकालपत्रात नोंदलेलं त्याचं उत्तर असं : कबरीवर बांधकाम नको याबाबत फकिहांचं, म्हणजे धर्मशास्त्र्यांचं, एकमत आहे, पण गावकऱ्यांशी संबंध टिकवायचे तर हे पाडू नये.

इथे थोडं शास्त्रात शिरायला हवं. ‘सहीह मुस्लिम’ या प्रमाण संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या शिकवणीची परंपरेने आलेली नोंद, आहे. त्यात हजरत अली आपल्या एका सहकाऱ्याला सांगतात, की उंच कबर दिसली तर ती जमिनीशी समतल कर. पाडापाडी करणारे सगळे याच हदीसचा दाखला देतात. १९२५-२६ च्या सुमारास मदिनेच्या अल-बकी कब्रस्तानातले घुमट पाडले गेले तेव्हाही तोच वाद होता. सुन्नी मझहबांचा, म्हणजे शास्त्रपंथांचा, कल कबरीवर बांधकाम नको असाच आहे. पण नापसंत आणि निषिद्ध यांत अंतर आहे. ‘बांधू नये’ आणि ‘बांधलेलं पाडावं’ यांत तर त्याहून मोठं. त्या अंतरात शतकानुशतकं दर्गे उभे राहिले. खुलताबादला गेलेल्यांनी दोन्ही मतं एकाच आवारात पाहिलेली असतात : शेख झैनुद्दीन यांचा दर्गा, आणि तिथेच छत नसलेली औरंगजेबाची उघडी कबर.

शिवाय वाईटाला अटकाव करण्याच्या कर्तव्यालाही फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, अट आहे. अटकावातून त्याहून मोठं वाईट ओढवणार असेल तर हात आवरायचा. ही अट सांगणाऱ्यांत मध्ययुगीन धर्मपंडित इब्न तैमियाही आहेत, ज्यांचं नाव अशा गटांच्या तोंडी सतत असतं. दारू पीत बसलेल्या मंगोल सैनिकांना हटकायला निघालेल्या सोबत्याला त्यांनी थांबवलं, कारण शुद्धीवर आले तर ते माणसं मारतील, अशी त्यांची एक गोष्ट त्यांच्या शिष्याने सांगितली आहे. अल-महदीचा सल्ला मी या परंपरेत ठेवून वाचतो. तो मवाळपणा नव्हता, त्याच्या शास्त्रातलंच उत्तर होतं.

मग अग घालीचा हुकूम आला आणि गडी कामाला लागला. हल्ल्याच्या तोंडावरच्या शुक्रवारी वाचायचा खुतबा, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, त्यानेच लिहिला. कोणता मकबरा आधी, कोणता नंतर हा क्रम त्याने ठरवला. हत्यारांची सोय केली. दहाही ठिकाणी तो हजर होता आणि निदान पाच ठिकाणी त्याने स्वतः हात लावला. सीदी याह्या मशिदीचं जे दार मोडलं, ते कयामतीपर्यंत उघडायचं नाही अशी गावात समजूत होती. ही अंधश्रद्धा आहे, ती मोडायला हवी, असं त्याने पत्रकारांना कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलं. पुढे हेगमध्ये हीच चित्रफीत पुरावा झाली. कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातलाही हा प्रकार नव्हे. कळून, बोलून दाखवून, मग पद्धतशीर उलट करणं होतं.

खटला

जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच आणि मालीच्या फौजांनी टिंबक्टू परत घेतलं. अल-महदी २०१४ मध्ये नायजरच्या वाळवंटात फ्रेंच सैन्याच्या हाती लागला. मालीने जुलै २०१२ मध्येच आपल्या भूमीवरचे गुन्हे या न्यायालयाकडे सोपवले होते. १८ सप्टेंबर २०१५ ला वॉरंट निघालं आणि आठवड्याभरात नायजरने त्याला हेगच्या ताब्यात दिलं. सरकारी पक्षाच्या प्रमुख फातू बेन्सूदा. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन्ही बाजूंत कबुलीचा करार झाला : तो गुन्हा मान्य करील, सरकारी पक्ष नऊ ते अकरा वर्षं मागेल. कायद्याने एरवी कमाल शिक्षा तीस वर्षं होती.

रोम संविधीचं, म्हणजे हे न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्याचं, कलम ८(२)(ङ)(४) धार्मिक आणि ऐतिहासिक इमारतींवर ‘हल्ला’ करणं गुन्हा ठरवतं. पण टिंबक्टूत त्या दिवसांत लढाई नव्हती. शहर कब्जात होतं, समोर शत्रू नव्हता, कुदळी घेऊन माणसं दिवसाउजेडी कामाला आली होती. याला युद्धातला हल्ला म्हणायचं का? राउल पांगालांगान यांच्या पीठाने हो म्हटलं : इमारतीविरुद्धची कोणतीही हिंसा यात येते, मग ती लढाईच्या धुमश्चक्रीत होवो की ताबा मिळाल्यानंतर. बचाव पक्ष कबुली देऊन बसलेला, त्यामुळे विरुद्ध बाजूने कुणी दोन शब्द बोललंच नाही. तीन वर्षांनी काँगोतला बंडखोर सेनानी बॉस्को एन्टागांडा याच्या खटल्यात दुसऱ्या पीठाने ‘हल्ला’ याचा अर्थ लढाईपुरता धरला आणि अपिलातही न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही. ज्या निकालाला मैलाचा दगड म्हणतात त्याच्या पायातली ही वीट कच्ची आहे, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावं.

शिक्षा ठरवताना पीठाने स्पष्ट म्हटलं, की मालमत्तेविरुद्धचा गुन्हा सहसा माणसांविरुद्धच्या गुन्ह्याइतका गंभीर नसतो. तरी या वास्तू गावाच्या जिव्हाळ्याच्या होत्या आणि हेतू धार्मिक भेदभावाचा होता, हे गांभीर्यात धरलं. शिक्षा कमी करणाऱ्या बाबी पाच मोजल्या : कबुली, तपासाला सहकार्य, पश्चात्ताप, कोठडीतली वागणूक आणि सुरुवातीची नाखुशी. शेवटच्या बाबीत पीठाने हेही धरलं, की एक ठिकाण वगळता त्याने बुलडोझर लावू दिला नाही, शेजारच्या बांधकामांना धक्का लागू नये म्हणून.

नाखुशीचा असा फायदा द्यावा का, यावर माझं मत पीठाहून वेगळं आहे. हुकुमाच्या धाकाने नाइलाजाने कुदळ उचलणाऱ्या पोऱ्याची नाखुशी समजू शकते. इथे तर शास्त्र जाणणाऱ्या माणसाने हे करू नये असं सांगितलं, आणि मग त्याच कृत्याला शास्त्राचा आधार देणारा खुतबा लिहिला. त्या खुतब्यानेच पाडणाऱ्यांना धर्मकार्याचं समाधान दिलं. बुलडोझर टाळल्याचं श्रेय द्या, तो प्रत्यक्ष केलेला संयम आहे. पण आधीच्या सल्ल्याने त्याची जाण सिद्ध होते, आणि जाण असणं हे गुन्ह्याचं वजन वाढवतं. तो सल्लाही पुन्हा वाचा. पाडणं वाईट आहे असं तो म्हणालाच नव्हता, लोक दुरावतील म्हणाला होता.

जे आरोपपत्रात नव्हतं

त्या दहा महिन्यांत टिंबक्टूत फक्त माती पडली नाही. चौकात चाबकाचे फटके मारले गेले, चोरीबद्दल हात तोडला गेला, मुलींची कब्जेदारांशी जबरदस्तीने लग्नं लावली गेली. एका बँकेच्या इमारतीत, एटीएमच्या चिंचोळ्या खोलीत, पेहरावावरून पकडलेल्या बायका कोंडल्या जात. मालीतल्या आणि बाहेरच्या मानवाधिकार संघटनांनी तेव्हाच विचारलं, की हिस्बाच्या प्रमुखावर भिंतींचाच गुन्हा का? उत्तर बऱ्याच अंशी पुराव्यात आहे. भिंती पाडतानाची छायाचित्रणं करणाऱ्यांनीच करून ठेवली होती, उपग्रहाची चित्रं होती, आरोपी कबूल होता. एटीएमच्या खोलीतल्या बाईला साक्षीला आणायचं तर तिला गावात परतही राहायचं असतं.

ती बाकी पुढे अल-हसनच्या खटल्यात काही प्रमाणात वसूल झाली. इस्लामी पोलिसातला हा अधिकारी २०१८ मध्ये हेगला आला. जून २०२४ मध्ये छळ, अंगविच्छेद आणि रीतसर न्यायालयाविना दिलेल्या शिक्षा यांत तो दोषी ठरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला दहा वर्षं झाली. लैंगिक गुन्ह्यांतून मात्र तो सुटला, आणि वास्तूंवरच्या हल्ल्याच्या आरोपातूनही. मातीच्या भिंतींना नऊ, माणसांच्या अंगावरच्या वळांना दहा. हे आकडे शेजारी ठेवून बघितले की पीठाने मालमत्ता आणि माणूस यांत केलेला फरक कागदावरच राहिलेला दिसतो.

२७ लाख युरोंचा हिशेब

१७ ऑगस्ट २०१७ च्या भरपाईच्या आदेशात हा खटला खरा उंचीवर जातो, असं मला वाटतं. पीठाने अल-महदीची जबाबदारी २७ लाख युरोंची ठरवली. त्याची फोड अशी : इमारतींच्या नुकसानीचे ९७,००० युरो, आर्थिक हानीचे २१ लाख २० हजार, मानसिक हानीचे ४ लाख ८३ हजार.

म्हणजे ज्या गोष्टी पाडल्या त्यांची किंमत शंभरातले चार युरोसुद्धा नाही. मातीचं बांधकाम स्वस्त असतं आणि तोवर युनेस्को व मालीच्या पुढाकाराने मकबरे पुन्हा उभेही राहिले होते. पैसा बुडाला तो शहराचा, आणि पीठाने नुकसान भिंतीत न शोधता भिंतीभोवती जगणाऱ्यांत शोधलं.

मग या जगणाऱ्यांत कोण मोडतो, हा प्रश्न. १३९ जणांचे अर्ज आले होते, पण नुकसान तर अख्ख्या गावाचं. पीठाने व्यक्तिगत भरपाई दोन गटांना दिली. पहिला गट ज्यांचा चरितार्थ केवळ या वास्तूंवर होता त्यांचा. दुसरा, ज्यांच्या पूर्वजांच्या कबरींना इजा झाली त्यांचा. ‘केवळ’ या अटीचं उदाहरण आदेशातच आहे : मकबऱ्याचा राखणदार, किंवा तिथली पवित्र वाळू विकणं एवढाच ज्याचा धंदा आहे तो. ज्याचं दुकान इतरही माल विकतं त्याला व्यक्तिगत रक्कम नाही. त्याचा वाटा सामूहिक उपायांत. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मान्य. पण जगभर गरिबाचा धंदा एकावर चालत नाही. सकाळी वाळू, दुपारी शेळ्या, सणाला लिंपणाची मजुरी असं जुळवून जगणारा माणूस या अटीत अडकतो आणि वंशावळ सांगता येणारा घराणेदार सहज पार होतो.

अपिलात मार्च २०१८ मध्ये आदेश बहुतेक कायम राहिला. एक दुरुस्ती महत्त्वाची : आपली नावं अल-महदीला कळू नयेत असं सांगणाऱ्या पीडितांना ती गुप्त ठेवून भरपाई मागता येईल. आरोपी परदेशी तुरुंगात आणि पीडित आपल्या गावी, तरी नाव सांगायला भीती वाटते. टिंबक्टूच्या शांततेची अवस्था यातून कळते.

अल-महदीकडे फुटकी कवडी नव्हती. जबाबदारी त्याच्या नावावर, पण पैसा पीडितांसाठीच्या न्यास निधीने उभा करायचा, म्हणजे देशांच्या देणग्यांतून. शिवाय मालीला एक युरो आणि युनेस्कोमार्फत जगाला एक युरो, प्रतीकात्मक. तो ३० मार्च २०२१ ला बामाकोत समारंभाने दिला गेला. राखणदारांना पैसा मिळायला इतकी वर्षं लागत असताना या एका नाण्याचा सोहळा मला खटकला.

माफीबाबत पीठाने वेगळी गोष्ट केली. कोर्टातल्या त्याच्या माफीनाम्याची चित्रफीत टिंबक्टूत बोलल्या जाणाऱ्या भाषांतल्या मजकुरासह न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवायला सांगितली. समोर उभं राहून माफी मागणं कुणावर लादलं नाही. मेळ घालण्याच्या उत्साहात पीडिताच्या दारात गुन्हेगाराला नेऊन उभं करण्याचे प्रकार इतरत्र झाले आहेत. इथे पाहायचं की नाही, ऐकायचं की नाही, ते पीडितावर सोडलं.

गवंडी, आणि नंतरचं

समेटाचं जे काही झालं ते बरंचसं हेगबाहेर झालं. मार्च २०१४ पासून टिंबक्टूच्या गवंड्यांनी पडलेले मकबरे पुन्हा बांधायला घेतले. हे काम तिथे पिढीजात घराण्यांकडे असतं. जुन्या भिंतींच्या अवशेषांवरून मापं घेतली, म्हाताऱ्यांना विचारून उंची ठरवली. आरोपपत्रात नऊच होते, पण पाडलेले त्याहून जास्त; जुलै २०१५ ला चौदा मकबरे उभे राहिले आणि ४ फेब्रुवारी २०१६ ला जनावरांचा बळी देऊन, कुराणपठण करून त्यांची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. सीदी याह्याचं दारही निकालाच्या आठवडाभर आधी परत बसलं. म्हणजे शिक्षा सुनावली तेव्हा दुरुस्ती होऊन गेली होती. भरपाई देताना इमारतींच्या पलीकडे पाहणं पीठाला सोपं गेलं ते यामुळेच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन न्यायाधीशांनी अल-महदीची शिक्षा दोन वर्षांनी कमी केली. १८ सप्टेंबर २०२२ ला ती संपली.

हुकूम देणाऱ्यांपैकी अबू झैद २०१३ मध्ये मारला गेला. इयाद अग घाली आज साहेलमधल्या (सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या) अल-कायदाशी संलग्न सर्वांत मोठ्या संघटनेचा प्रमुख आहे. त्याच्याविरुद्धचं हेगचं वॉरंट २०१७ मध्ये निघालं आणि जून २०२४ मध्ये उघड केलं गेलं. त्याच्याच संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये टिंबक्टूची नाकेबंदी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मालीच्या लष्करी राजवटीने, बुर्किना फासो आणि नायजरसह, या न्यायालयातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कलम १२७ प्रमाणे बाहेर पडणं एक वर्षाने लागू होतं आणि आधीच सुरू झालेल्या प्रकरणांत सहकार्याचं बंधन सुटत नाही. त्यामुळे २०१२ च्या टिंबक्टूबद्दल अग घालीवर खटला चालवायला कायद्याची आडकाठी नाही. अल-महदीला पकडायला फ्रेंच फौज होती आणि हेगला पाठवायला नायजर तयार होता. फ्रेंच आता तिथून निघून गेले आहेत आणि नायजर न्यायालय सोडणाऱ्या तिघांपैकी एक आहे.